'दहा वेळा लिही' याबद्दल

नमस्कार. डिस्लेक्सियावरच्या, म्हणजे हुशार असूनही वाचता-लिहिताना अडखळणाऱ्या मुलांवरच्या, माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया झणझणीत आहे, पण सविस्तर लिहिलीत ते बरं केलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: प्रश्न वाचून दाखवायचे, वेळ वाढवून द्यायचा, शुद्धलेखनाचे मार्क कापायचे नाहीत, हे नुसते लाड, अशाने मूल वाचायला शिकणार कधी? आणि तुमच्या वर्गात चुकलेला शब्द दहा वेळा लिहिला की येतो.

आधी ते दहा वेळा लिहिणं. एका मुलाच्या शेजारी बसून मी हे पाहिलंय. शब्द होता 'घर'. त्याने वरपासून खालपर्यंत आधी दहा 'ध' काढले. हो, ध. मग पुन्हा वर जाऊन दहा 'र'. पान भरलं, अक्षरही सुबक, पण 'घर' एकदाही लिहिलं गेलं नव्हतं. मग वही मिटली. टेबलावर बोटाने मोठा 'घ' गिरवायचा, गिरवताना तोंडाने म्हणायचा. मग घडी, घास, घोडा, बस्स. 'ध'चं नावही काढलं नाही, कारण दिसायला सारखी अक्षरं एकदम शिकवली की गोंधळ वाढतो. डोळे, कान, हात एकत्र कामाला लावायची ही रीत माझी नव्हे. अमेरिकेतले डॉक्टर ऑर्टन आणि शिक्षिका गिलिंगहॅम यांच्या कामातून ती १९३०च्या दशकात आकाराला आली.

लाडांबद्दल मात्र तुमचं अर्धं म्हणणं मान्य. वाचून दाखवणं ही सवलत आहे, शिकवणं नाही. वाचनाच्या तासाला मीही वाचून दाखवत नाही, तिथे अडखळू देते. पण इतिहासाच्या पेपरात मला इतिहास तपासायचा असतो. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं होतं. पोरगा हुशार, गणिताची आवड, पण स्वतःचं नाव 'प्रेसी' लिहायचा आणि चूक लक्षातही यायची नाही. सगळं तोंडी शिकवलं असतं तर हाच शाळेत सगळ्यात हुशार ठरला असता, असं त्याच्या मास्तरांचं मत होतं. याला आळशी म्हणाल?

पानावर रंगीत पारदर्शक कागद ठेवला की वाचन सोपं होतं, असं मी लेखात लिहिलं होतं, त्यावरून तुम्ही झापलंत ते रास्तच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच त्याला पुरेसा आधार नसल्याचं सांगितलंय. तो परिच्छेद आज काढते.

आणि तुमच्या वर्गातल्या त्या मुलीचं लिहिलंत, वाचायला उभं केलं की रडते. तिला धडा आदल्या दिवशी द्या, कुठल्या दोन ओळी वाचायच्या तेही सांगून ठेवा. काय होतं ते इथेच कळवा.