दोन बाय दोनची फरशी दोन फुटांची नसते

आज दुपारपासून डोकं तापलंय. एका साइटवर हॉलची फरशी बसवून होत आली आणि शेवटच्या दोन भिंतींपाशी माल संपला. घर एका निवृत्त काकांचं. सगळा राग मिस्त्रीवर निघाला. 'तू फोडल्यास', 'तू दुसऱ्या कामावर नेल्यास' इथपर्यंत मजल गेली. पोरगं मान खाली घालून उभं. अरे, त्याचा काय दोष? चूक झाली दुकानात, कॅल्क्युलेटरवर.

हॉल वीस बाय बारा, म्हणजे २४० चौरस फूट. 'दोन बाय दोनची टाइल, बॉक्समध्ये चार, म्हणजे सोळा फूट. पंधरा बॉक्स न्या.' ऐकायला चोख हिशोब. पण ती टाइल दोन बाय दोन नाहीच! बॉक्सवर ढळढळीत छापलेलं असतं, ६०० बाय ६०० मिमी. दोन फूट म्हणजे ६०९.६ मिमी. एका फरशीमागे जवळजवळ एक सेंटीमीटर कमी. चार फरश्यांचा बॉक्स भरतो १.४४ चौरस मीटर, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट. पंधरा बॉक्समध्ये साडेसात फूट मुळातच आले नाहीत, आणि हे तूटफूट धरायच्या आधी. दर पन्नास रुपये फूट आणि बिल सोळाच्या हिशोबानं लावलं असेल, तर बॉक्समागे पंचवीस रुपये न मिळालेल्या मालाचे. याला मी साधी चूक म्हणत नाही. रोज तोच बॉक्स विकणाऱ्याला त्यावरचा आकडा माहीत असतो.

आता काकांच्या हॉलमध्ये नेमकं काय झालं ते बघा. वीस फूट म्हणजे ६०९६ मिमी. दहा फरश्या आणि दोन मिमीचे सांधे धरून ६०२० झाले, उरली ७६ मिमीची पट्टी. बारा फूट म्हणजे ३६५८. सहा फरश्या सांध्यांसकट ३६१२, उरली ४६ मिमी. एका भिंतीला चार बोटं, दुसऱ्या भिंतीला अडीच बोटं जमीन उघडी. स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाशी उभ्या लावलेल्या फरशीखाली, जेमतेम एक सेंटीमीटर लपतं, बाकीचं कुठे लपवणार? अडीच बोटांची पट्टी कटरवर मोडते, ग्राइंडरला डायमंड ब्लेड लावून हळूहळू कापावी लागते, तरी दोन-चार जातातच. पट्टी नको, दोन्ही बाजूंना सारखे तुकडे हवेत म्हणाल तर एका दिशेला ३३८ आणि दुसरीकडे ३२३ मिमीचे तुकडे येतात. अर्ध्या फरशीपेक्षा मोठे, म्हणजे एका फरशीतून एकच. अकरा बाय सात, ७७ फरश्या, वीस बॉक्स. हे खरेदीच्या आधी ठरवायचं असतं. मीटरमध्ये मोजलं असतं तर दुकानातच कळलं असतं.

आणि 'कमी पडलं तर आणू की' हे तर बोलूच नका. पुढचा बॉक्स दुसऱ्या बॅचचा निघतो, शेड अर्धी छटा इकडे-तिकडे, कधी मापातही मिलिमीटरचा फरक. खिडकीतून ऊन आलं की ती पट्टी ओरडून सांगते.

मान्य आहे, फूट-इंचात तोंडी हिशोब पटकन होतो, बाराचे अर्धे, पाव, तिसरा हिस्सा सरळ निघतात. प्लायवूडची आठ बाय चारची शीट खरंच आठ बाय चारची असते, २४४० बाय १२२० मिमी. तिथे माझी तक्रार नाही. माल मिलिमीटरमध्ये बनतो आणि विकला जातो इंचाच्या नावानं, राग त्याचा आहे.

पाइपात हेच. शेतातला 'दोन इंची' पाइप बाहेरून ६३ मिमी. 'अडीच इंची' ७५, 'तीन इंची' ९०, 'चार इंची' ११०. घरातल्या प्लंबिंगचा दोन इंची यूपीव्हीसी मात्र बाहेरून ६०.३. नावं तीच, म्हणून शेतकरी तालुक्याहून घरच्या प्लंबिंगचा कपलर, म्हणजे दोन पाइप जोडायचा तुकडा, घेऊन येतो. तो जवळजवळ पावणेतीन मिमीनं लहान, शेतातल्या पाइपावर चढतच नाही. जोड होत नाही, आणि पाणी द्यायच्या पाळीला माणूस पुन्हा दुकानाच्या वाटेला.

जमिनीत तर आकडा अंगावर येतो. सातबाऱ्यावर हेक्टर-आर, व्यवहार गुंठ्यात. 'हेक्टर म्हणजे अडीच एकर, शंभर गुंठे' असं सर्रास बोलतात. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, हेक्टरमध्ये बसतात ९८.८४. शंभर गुंठ्यांचे पैसे मोजलेत तर साधारण १२६० चौरस फूट जमीन कागदावर नाहीच. अख्खं घर बसेल एवढी जागा!

१९५८ पासून देशात मेट्रिक वजनं आली. २००९ च्या वैधमापन कायद्यानं तर मालाचा भाव प्रमाणित एककातच सांगायचा. तरी दुकानातली पाटी अजून 'रुपये प्रति फूट'.

एवढंच करा. टेपची सेंटीमीटरची बाजू वापरा. खोली मिलिमीटरमध्ये लिहा, फरशी आणि सांधा मिळवून भागा, पट्टी किती उरते ते बघा. बॉक्सवरच्या चौरस मीटरनं क्षेत्रफळाला भागा, वर दहा टक्के धरा. बिलावर चौरस मीटर लिहून मागा. बॅच आणि शेड नंबरचा फोटो काढून ठेवा.

संध्याकाळी काकांना बॉक्सवरचा छाप दाखवला. चष्मा लावून दोनदा वाचला, मग खुर्चीत बसून राहिले. वाईट वाटलं, पेन्शनीच्या पैशातून घर करतायत. पण मिस्त्रीला 'माझं चुकलं' असं अजून कोणी म्हटलेलं नाही. उद्या त्याच्यासमोरच काकांशी बोलणार आहे. आणि त्याच शेड नंबरचे दोन बॉक्स हवेत. कोणाच्या कामावर उरलेले असतील तर कळवा, नंबरचा फोटो पाठवतो.