चबुतऱ्यावरचं सी हॅरियर ४८ तासांत उडत नाही

नौदलाच्या तळावर चबुतऱ्यावर ठेवलेल्या सी हॅरियर या जुन्या लढाऊ विमानाचा फोटो आणि त्याखाली लांबलचक मजकूर असा एक मेसेज मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. त्यातले दावे असे: हेच विमान १९७१ ला विक्रांत या विमानवाहू नौकेवरून सरळ वर उडालं आणि त्याने कराची बंदर पेटवलं, ते आवाजाच्या दुप्पट वेगाने जातं, चांगलं चाललेलं विमान राजकारणापायी सेवेतून काढलं, आणि आजही ते आतून तयार आहे, इंधन भरलं की ४८ तासांत लढाईला जाईल, पंखाखालची क्षेपणास्त्रंही खरी आहेत. वर तक्रार, की असं विमान उघड्यावर सडतंय. इतके दिवस दुर्लक्ष केलं. पण काल दादरला भाचीच्या इतिहासाच्या प्रकल्पवहीत कराचीची ओळ निळ्या शाईत उतरवलेली दिसली. आता गप्प बसणं बरोबर नाही.

कराची आधी. नौदलाची पहिली सी हॅरियर विमानं गोव्यात दाबोळीला उतरली ती १६ डिसेंबर १९८३ ला, म्हणजे युद्धाला बारा वर्षं उलटल्यावर. १९७१ ला विक्रांत अरबी समुद्रात नव्हतीच. ती बंगालच्या उपसागरात होती, तिच्या डेकवर सी हॉक आणि अलिझे विमानं होती आणि त्यांनी कॉक्स बझार, चितगाव झोडपलं. कराचीवर ४ डिसेंबरच्या रात्री हल्ला केला तो निपात, निर्घात आणि वीर या मिसाइल बोटींनी, आणि ८ तारखेच्या रात्री विनाशने. व्हाइस ॲडमिरल हिरानंदानींनी लिहिलेल्या नौदलाच्या अधिकृत इतिहासात हे सगळं तपशिलात आहे, ज्याला शंका असेल त्याने तो उघडावा. पश्चिम नौदल कमांडच्या, म्हणजे आपल्या मुंबईत मुख्यालय असलेल्या कमांडच्या, खलाशांचं हे श्रेय. म्हणूनच ४ डिसेंबर नौदल दिन आहे. ते काढून भलत्याच विमानाला देणं हा त्या माणसांवर अन्याय आहे.

सगळ्यात वेडगळ मुद्दा ४८ तासांचा. तो घातकही आहे, कारण तो वाचून काही लोक मुलांना विमानाजवळ न्यायला घाबरतात आणि बाकीचे लढाऊ विमान म्हणजे किल्ली फिरवली की सुरू होणारी गाडी समजतात.

प्रदर्शनात ठेवण्याआधी विमान निकामी आणि सुरक्षित करतात. टाक्यांतलं इंधन काढतात आणि उरलेली वाफही घालवतात, कारण रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा लवकर पेट घेते. इजेक्शन सीटची, म्हणजे संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीची, काडतुसं आणि रॉकेट निघतं. कॅनॉपीच्या, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, काचेवर नागमोडी रेघ दिसते ना, ती स्फोटक दोरी असते. वैमानिक बाहेर फेकला जाण्याआधी ती काच फोडते. तीही निष्क्रिय करावी लागते. पंखाखाली टांगलेली क्षेपणास्त्रं म्हणजे पोकळ नमुने. खऱ्या क्षेपणास्त्रात घन इंधन आणि स्फोटक असतं, ते दारूगोळ्याच्या कोठारात राहतं, उन्हातान्हात नाही.

आता इंजिन. विमान पुन्हा उडवायचं तर ते काढून तपासायला हवं. पेगासस इंजिन हॅरियरच्या पोटात, पंखाच्या खाली बसतं. मागून ओढून ते निघत नाही. आधी अख्खा पंख एका तुकड्यात क्रेनने उचलावा लागतो. बाजूची दोन छोटी चाकं पंखालाच असतात, त्यामुळे त्याआधी धड (विमानाचा मधला भाग) घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, ठेवायचं, मग इंधनाच्या, हायड्रॉलिकच्या आणि तोल सांभाळणाऱ्या हवेच्या नळ्या सोडवायच्या. परत जोडल्यावर गळती तपासायची, विमान जमिनीला जखडून इंजिन चालवून बघायचं. हँगरमध्ये, सुटे भाग हाताशी असताना, धडधाकट विमानावरही हे काही दिवसांचं काम आहे.

आणि हे विमान धडधाकट नसतं. समुद्रावरची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस ॲल्युमिनियमला सोडत नाही. स्टीलच्या स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसली, रंगाला फोड आले, की समजायचं आत गंज धरलाय. पुढे पत्र्याचे पापुद्रे सुटतात. रबरी सील वाळून तडकतात, टाक्यांच्या सांध्यांमधलं सीलंट कोरडं पडतं. अशा विमानात इंधन भरलं तर ते आधी जमिनीवर ठिबकेल.

सरळ वर उडण्यात तथ्य आहे, मान्य. इंजिनचा झोत सोडणारी चार फिरती तोंडं, म्हणजे नॉझल, खाली वळवून ते उचललं जायचं. पण इंजिनचा जोर सुमारे ९,७५० किलो, रिकाम्या विमानाचं वजन सुमारे ६,४०० किलो आणि पूर्ण भरलेल्याचं सुमारे ११,९०० किलो. म्हणजे इंधन आणि शस्त्रं भरली की सरळ वर उडणं अशक्य. गरम हवेत जोर आणखी घटतो, म्हणून इंजिनात पाण्याचा फवारा मारायची सोय होती. ते पाणी दीडेक मिनिटात संपायचं. त्यामुळे विराट या विमानवाहू नौकेवर १२ अंशांच्या स्की जंपवरून, म्हणजे डेकच्या टोकाच्या चढावरून, धावत जाऊन उड्डाण, आणि इंधन जळून हलकं झाल्यावर सरळ खाली उतरणं, अशी रीत होती.

वेगाचं थोडक्यात: सपाट उड्डाणात ते आवाजाचा वेगही ओलांडत नसे. दुप्पट सोडाच.

राजकारणाच्या दाव्यात अर्धं सत्य इतकंच, की विमान अगदीच जुनाट झालं नव्हतं. शेवटच्या वर्षांत त्याला इस्रायली रडार आणि डर्बी क्षेपणास्त्र मिळालं होतं. पण साधारण तीस विमानांपैकी निम्म्याच्या आसपास अपघातांत गेली, त्यांत वैमानिकही गेले. ब्रिटनने आपली सी हॅरियर २००६ लाच निवृत्त केली, त्यामुळे सुटे भाग दुर्मीळ झाले. मे २०१६ मध्ये गोव्यात आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळावर निरोप झाला, ही विमानं उडवणाऱ्या व्हाइट टायगर्स स्क्वाड्रनने मिग-२९के घेतलं, आणि ६ मार्च २०१७ ला विराटही मुंबईतच निवृत्त झाली.

मेसेजमधली "विमान सडतंय" ही तक्रार मात्र कुठे कुठे खरी असते, आणि त्यावरचा उपाय फार साधा आहे. पावसाळा संपला की गोड्या पाण्याने धुवायचं. पोटाखालची पाणी निघायची भोकं लाकडी काडीने मोकळी करायची, लोखंडी तारेने नाही, तिने रंगाचा थर खरवडतो. टायरवरचा भार काढून धड स्टँडवर घ्यायचं. आणि इनटेक (हवा आत घेणारी तोंडं), नॉझलची झाकणं घट्ट बसवायची, नाहीतर कबुतरं आत घरटी करतात आणि त्यांची विष्ठा पत्रा खाते.