घेतला विषय टाकता आला पाहिजे

शुक्रवारी रात्री अकरा अठ्ठावन्नला एका मुलीने माझा विषय सोडला. आमच्या विद्यापीठाचं विषय घ्यायचं-सोडायचं पोर्टल बाराला बंद होतं. म्हणजे तिच्या जागी कुणाला यायचं असेल तर त्याच्या हातात दोन मिनिटं होती.

वेटिंगवर सात जण होते. त्यातला पहिल्या नंबरचा मुलगा दोन आठवडे रोज वर्गात येऊन मागच्या भिंतीला टेकून उभा राहायचा, वही भिंतीवर धरून लिहून घ्यायचा. हजेरीत नाव नाही, तरी घरी दिलेली गणितं सोडवून आणायचा. सोमवारी सकाळी दारातच गाठलं त्याने मला. "मॅडम, पोर्टलवर एक जागा दिसतेय, पण ॲडचं बटणच येत नाहीये."

मी रजिस्ट्रार ऑफिसला फोन लावला.

"मुदत संपली मॅडम."
"पण जागा रिकामी आहे ना?"
"आहे की."
"आणि मुलगा दोन आठवडे वर्गात बसलाय."
"बसला असेल. मुदत संपली मॅडम."

पलीकडच्या माणसावर माझा राग नाही. त्याला जे वेळापत्रक दिलंय त्यात ॲड (विषय घेणं) आणि ड्रॉप (विषय सोडणं) दोन्हीची शेवटची तारीख एकच छापलेली आहे, शेवटचा तासही तोच. साठ जणांच्या वर्गात एकोणसाठ जण आणि एक रिकामी खुर्ची असं आमचं सत्र सुरू झालं. या गोष्टीवर मी बरेच दिवस धुमसतेय, म्हणून आज लिहून टाकते. लांबलंय, आधीच सांगते.

ज्यांच्या काळी प्रवेश घेतला की विषय ठरूनच यायचे, त्यांच्यासाठी थोडक्यात. क्रेडिट पद्धतीत प्रत्येक विषयाला ठराविक क्रेडिट, म्हणजे भार, असतो आणि विद्यार्थी सत्राच्या सुरुवातीला आपले विषय स्वतः निवडतो. तास सुरू झाल्यावरही काही दिवस तळ्यात-मळ्यात करता येतं, हा विषय घे, तो सोड. त्या मुदतीत सोडलेल्या विषयाची गुणपत्रिकेवर काही खूण राहत नाही. मुदत उलटल्यावर सोडला तर बऱ्याच ठिकाणी विषयापुढे 'डब्ल्यू' लागतो, म्हणजे विथड्रॉ. सरासरीत तो धरत नाहीत, पण दिसतो. तीही मुदत गेली की मग पास किंवा नापास, मधलं काही नाही.

निवडच नसेल तर निवड चुकण्याचा प्रश्नही येत नाही. हार्वर्डमध्ये १८६९ साली चार्ल्स एलियट अध्यक्ष झाले आणि पुढची चाळीस वर्षं त्यांनी सक्तीचे विषय कमी करत ऐच्छिक विषय वाढवत नेले. तोवर बहुतेकांनी तेच ते विषय त्याच त्या क्रमाने शिकायचे. एकदा विद्यार्थ्याला निवडू दिलं की चुकूही द्यावं लागतं, आणि चूक दुरुस्त करायला वेळही द्यावा लागतो. आपण पहिलं कौतुकाने दिलं. दुसरं देताना मात्र हात आखडतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: विद्यार्थ्याच्या हातात त्या विषयातले पहिले गुण पडेपर्यंत ड्रॉपची मुदत संपता कामा नये.

आता माझी स्वतःची गोष्ट. दुसऱ्या वर्षाला मी संभाव्यताशास्त्र घेतलं होतं. पहिले दोन आठवडे फासे, पत्ते आणि पिशवीतले लाल-निळे चेंडू. मजेत चाललं होतं. शुक्रवारी ड्रॉपची तारीख गेली. पुढच्या बुधवारी पहिली चाचणी, आणि त्यानंतर दहा दिवसांनी गुण. ४० पैकी ११. सतत चलं (वेळ, उंची अशा, मधली कुठलीही किंमत घेऊ शकणाऱ्या राशी) आली तिथे माझी बोट बुडाली होती, आणि ती चलं आली होती नेमकी तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी.

मग उरला डब्ल्यू. त्यासाठी एक गुलाबी फॉर्म होता, खाली तीन चौकटी: विषयशिक्षक, सल्लागार, विभागप्रमुख. शिक्षकांनी मान वर न करता सही दिली. सल्लागार सरांनी फॉर्म समोर ठेवला, चष्मा काढला आणि म्हणाले, "उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये. ऐकलंयस ना?" ऐकलं होतं. मी फॉर्म घडी घालून पर्समध्ये ठेवला. सत्राच्या शेवटी नापास झाले. त्या एका विषयाच्या धास्तीने बाकीच्या दोनांतही घसरले.

सर वाईट नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की ते मला धीर देतायत. आपल्याकडे 'सोडणं' हा शब्दच बदनाम आहे. सोडला म्हणजे जमलं नाही, पळाला. पण मी वसा घेतला नव्हता हो, चार क्रेडिटचा विषय घेतला होता! वसा घेणाऱ्याला काय करायचंय ते आधी नीट सांगितलेलं असतं. मला मिळालं होतं अर्ध्या पानाचं विषयपत्रक, ज्यात 'इत्यादी' हा शब्द तीनदा होता.

ड्रॉपची मुदत दोन आठवड्यांची का, असं कुणालाही विचारा. उत्तर येतं, आधीपासून तशीच आहे. दोन आठवड्यांत विद्यार्थ्याला कळतं काय? शिक्षकाचा आवाज, वर्गाची वेळ, पुस्तकाचं वजन. आपल्याला जमतंय की नाही, हे सोडून सगळं.

हे वेगळ्या प्रकारे करता येतं. अमेरिकेतल्या एमआयटीत विषय घ्यायची शेवटची तारीख पाचव्या आठवड्याच्या अखेरीस असते, आणि सोडायची त्यानंतर कितीतरी आठवड्यांनी, सत्र संपत आलेलं असताना. दोन कामं वेगळी म्हणून तारखाही वेगळ्या. तिथल्याच ब्राउन विद्यापीठाने १९६९ साली विद्यार्थ्यांच्याच रेट्यामुळे खुला अभ्यासक्रम, म्हणजे सगळ्यांना सक्तीचे ठराविक विषय नसलेला, स्वीकारला. तिथे नापास झालेला विषय बाहेर पाठवायच्या गुणपत्रिकेवर उमटतच नाही. म्हणून ब्राउनच्या पदवीची किंमत घसरली असं काही माझ्या कानावर आलेलं नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला अमेरिकेतलंच टेक्सास राज्य. तिथे २००७ साली कायदा झाला की सरकारी कॉलेज-विद्यापीठांत त्या वर्षीच्या शरद सत्रापासून पहिल्यांदा दाखल होणाऱ्याला पदवीच्या संपूर्ण काळात सहाच विषय सोडता येतील. कॉलेज बदललं तरी हिशोब पुढे चालू. आजारपण, घरातला मृत्यू, नोकरीच्या वेळा बदलणं, सैन्यातली सेवा यांना सूट आहे, आणि सत्राच्या अगदी सुरुवातीला सोडलेला विषय मोजत नाहीत, हे खरं. पण नापास किती वेळा व्हावं यावर त्या कायद्यात आकडा नाही. मग पाच सोडून झालेला मुलगा सहावा जपून ठेवणार आणि बुडत असला तरी बसून राहणार. यात कुणाचं काय वाचलं?

पैशाचं वेगळंच त्रांगडं असतं, आणि ते मुलांना सगळ्यात कमी माहीत असतं. ऑस्ट्रेलियात 'सेन्सस डेट' म्हणून तारीख असते. तिच्या आत विषय सोडला तर त्याच्या फीचं सरकारी कर्ज डोक्यावर बसत नाही, नंतर सोडला तर बसतं. ही तारीख विषयाचा किमान पाचवा हिस्सा उलटायच्या आधी ठेवता येत नाही. मला यातली जी गोष्ट आवडते ती म्हणजे त्या तारखेला स्वतःचं नाव आहे. इतर ठिकाणी फी परत मिळायची तारीख एक, खूण न राहता सोडायची दुसरी, डब्ल्यूची तिसरी, आणि तिन्ही वेगवेगळ्या पीडीएफमध्ये.

अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांनी तर यात फार सांभाळावं. पदवीच्या विद्यार्थ्याला साधारण १२ क्रेडिट घेऊन पूर्णवेळ राहावंच लागतं. तीन-तीन क्रेडिटचे चार विषय असतील आणि एक सोडला तर नऊ उरतात, म्हणजे प्रश्न गुणपत्रिकेचा न राहता व्हिसाचा होतो. पोर्टल बटण दाबू देईल, अडवणार नाही. आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या अधिकाऱ्याची परवानगी, मग बटण.

आणि जाता जाता, दरवर्षी एकदा तरी होतं म्हणून सांगते. वर्गात येणं बंद केलं म्हणजे विषय सुटत नाही. मागे एक मुलगा तिसऱ्या आठवड्यापासून दिसेनासा झाला. निकालानंतर आला तो रडकुंडीला येऊन. "मॅडम, मी तर सोडला होता ना हा विषय!" सोडला होता, मनातल्या मनात. पोर्टलला मनातलं कळत नाही.

आता आमच्या बाजूचंही बोलते, नाहीतर स्टाफरूममध्ये मला चहा मिळायचा नाही.

मुलं सहा विषय घेऊन ठेवतात, चारच करायचे असतात. दोन जागा अडवून ठेवतात आणि शेवटच्या रात्री सोडतात. माझ्या अकरा अठ्ठावन्नच्या मुलीने हेच केलं. गटात काम द्यावं तर पाचव्या आठवड्यात एक भिडू गळतो आणि उरलेले दोघं माझ्याकडे तोंड पाडून येतात. पहिला आठवडा तर शिकवणं होतच नाही, मी दुकान मांडून बसते आणि गिऱ्हाइकं बघून जातात. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचे हाल त्याहून वाईट, कारण मुलं किती उरतात यावर त्यांचा वर्ग राहणार की रद्द होणार हे ठरतं. हार्वर्डमध्ये वर्षानुवर्षं पहिला आठवडा 'शॉपिंग'चा असायचा, कुठल्याही वर्गात जाऊन बसा, नंतर ठरवा. २०२२ साली प्राध्यापकांनी मतदान करून तो बंद करायचं ठरवलं आणि आदल्या सत्रातच नोंदणी करायची पद्धत आणली. वर्गात किती मुलं असणार हे आयत्या वेळेपर्यंत कळत नाही आणि शिकवणारे सहायक ताटकळत राहतात, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. ते मला पटतं.

पण जागा अडवणाऱ्यांचा इलाज म्हणून मुदत आखडणं हे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. जागा अडवू नये असं वाटत असेल तर पहिल्या आठवड्यात जास्तीचे क्रेडिट घेऊच देऊ नका. आणि सोडायची मुदत संपल्यावर निदान तीन दिवस वेटिंग हलू द्या. रिकामी झालेली जागा पुढच्याला आपोआप जाईल एवढं पोर्टलला शिकवणं काही चंद्रावर जाण्याइतकं अवघड नाही.

खरा दोष आमचा, शिक्षकांचा आहे. पहिली चाचणी सहाव्या आठवड्यात घेणारे आम्हीच. मीही कितीतरी वर्षं तेच केलं. आता दुसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी २० गुणांची छोटी चाचणी घेते, मुद्दाम पुढच्या भागाची चव लागेल अशी, आणि गुरुवारी पेपर परत देते. साठ पेपर दोन रात्रींत. मान अवघडते, घरचे बोलतात. पण शुक्रवारी मुदत संपते तेव्हा प्रत्येकाला आपण कुठे उभे आहोत ते ठाऊक असतं. पहिल्या वर्षी त्या गुरुवारनंतर चौघं सोडून गेले. विभागप्रमुख म्हणाले, "मुलं पळवून लावताय का?" मी म्हटलं, वेळेत पळाली सर. त्यातली एक पुढच्या वर्षी आधी कलनशास्त्र करून परत आली आणि वर्गात पहिल्या बाकावर बसली.

हे सगळं मी अर्जात लिहून दिलंय. अर्ज समितीकडे आहे. समितीची बैठक सत्र संपल्यावर आहे, त्यात कदाचित काही ठरेल, कदाचित नाही.

भिंतीला टेकणारा तो मुलगा गेला नाही. मी त्याला म्हटलं, "अरे, तुझं नाव लागणार नाही, क्रेडिट मिळणार नाही." तो म्हणाला, "माहितीये मॅडम. पण खुर्ची रिकामीच आहे ना, बसू का?" बसला. पूर्ण सत्र बसला. चाचण्या दिल्या, मी तपासल्या. शेवटच्या चाचणीत ४० पैकी ३४ आहेत त्याला. पेपर माझ्या कपाटात आहे आणि पोर्टलवर ते गुण भरायला रकाना नाही.