‘फक्त कॅरेट बघा’ म्हणे! टेनिस ब्रेसलेटवरच्या एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या महिन्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपांवर आला. मथळा होता, ‘हिऱ्याचं टेनिस ब्रेसलेट घेताय? या सहा गोष्टी कोणी सांगणार नाही!’ त्या सहा गोष्टी थोडक्यात अशा. एका ओळीत हिरे जडवलेलं हे ब्रेसलेट टेनिस खेळतानाही तुटत नाही, म्हणून त्याला हे नाव पडलं. एकूण कॅरेट जितके जास्त, तितका माल भारी. सर्टिफिकेटवर व्हीव्हीएस, म्हणजे शुद्धतेची वरची प्रत, लिहिलं असेल तर डोळे मिटून घ्या. सोनं, कड्या, फासा यांत पैसे घालवू नका, खरी किंमत हिऱ्यांची. अस्सल-नकली ओळखायला हिऱ्यावर तोंडाची वाफ सोडा, पुरे. आणि लॅबमध्ये तयार झालेला हिरा म्हणजे निव्वळ काच.

मेसेज आला तेव्हा माझ्या मावशीचं ब्रेसलेट माझ्यासमोर टेबलावर पडलेलं होतं. 52 हिऱ्यांच्या ओळीत दोन खड्डे रिकामे, आणि फासा लागत नाही म्हणून तिनं तो शिवणाच्या दोऱ्यानं बांधलेला. बाईंनी खरेदी साधारण याच सहा नियमांनी केली होती. म्हणून उत्तर लिहायला बसले. क्रम मेसेजचाच ठेवते, पण सगळ्या मुद्द्यांना सारखी जागा देणार नाही. काहींची तेवढी लायकीच नाही.

नावाची गोष्ट तर नेमकी उलटी आहे. हिऱ्यांची अशी एकेरी ओळ पूर्वीपासून बनत होती, तिला ‘लाइन ब्रेसलेट’ म्हणत. यूएस ओपनमध्ये खेळताना अमेरिकी टेनिसपटू क्रिस एव्हर्टच्या मनगटावरून असं ब्रेसलेट कोर्टवर निसटून पडलं, ते शोधायला खेळ थांबला आणि तिथून हे नाव रुळलं. बरीच वर्षं साल 1987 सांगितलं जायचं. पुढे एव्हर्टनं स्वतःच 1978 म्हटलं. साल कुठलंही धरा, हे ब्रेसलेट मजबुतीमुळे प्रसिद्ध झालेलं नाही. ते पडलं म्हणून प्रसिद्ध झालं.

आता कॅरेट. मेसेजमधलं हे सगळ्यात महागात पडणारं वाक्य आहे.

कॅरेट हे वजन आहे, 0.2 ग्रॅम. एका कॅरेटचे 100 सेंट. ‘पाच कॅरेटचं ब्रेसलेट’ म्हणजे सगळ्या खड्यांची बेरीज पाच कॅरेट, आणि बेरीज तेवढी सांगून पुढचं काहीच कळत नाही. दहा सेंटचे दहा हिरे मिळून एक कॅरेट होतात, पण त्यांची किंमत एका कॅरेटच्या एका हिऱ्याच्या जवळपासही जात नाही, कारण मोठा खडा दुर्मीळ. म्हणून पहिला प्रश्न असा विचारायचा: खडे किती, आणि एकेक खडा किती सेंटचा?

मग मोजपट्टी घ्यायची. सात इंचांचं ब्रेसलेट धरू, म्हणजे सुमारे 178 मिलिमीटर. चांगल्या प्रमाणात कापलेल्या दहा सेंटच्या गोल हिऱ्याचा व्यास सुमारे 3 मिलिमीटर असतो. मधली फट नि धातू धरून असे 52 खडे सात इंचांत बसतात, बेरीज 5.2 कॅरेट. गोल हिऱ्याच्या वजनाचा एक ढोबळ हिशोब आहे: व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले 0.0061, मापं मिलिमीटरमध्ये. 3 मिलिमीटर व्यास आणि 1.82 खोली घालून बघा, बरोबर दहा सेंट येतात. आता कारागिरानं वजन वाचवायला हिरा खोल ठेवला, खोली 1.95 केली, तर व्यास 2.9 वर येतो आणि वजन तेच दहा सेंट. कागदावर काहीच बदललं नाही. मनगटावर मात्र प्रत्येक खडा एक दशांश मिलिमीटरनं लहान झाला, 52 खड्यांत मिळून पाच मिलिमीटर हिरा गायब, आणि तेवढी जागा धातूनं भरलेली. शिवाय प्रमाण बिघडलेल्या खड्यात वरून शिरलेला प्रकाश तळातून निसटतो, मधोमध काळपट दिसतं. म्हणजे वजनाचे पैसे देऊन आपण अंधार विकत घेतो.

दुसरीकडून फसवणं आणखी सोपं आहे. प्रत्येक लहान खड्याभोवती पैलू पाडलेली चकचकीत धातूची ताटली बसवतात, म्हणजे लांबून दोन सेंटचा खडा पाच सेंटचा वाटतो. त्यात गैर काही नाही, स्वस्त आणि मस्त प्रकार आहे. तो पाच सेंटचा म्हणून गळ्यात मारला तर मात्र गैर. पैलूही मोजावेत. पूर्ण कापलेल्या गोल हिऱ्याला 57 किंवा 58 पैलू असतात, तर स्वस्तातल्या बारीक खड्यांना अनेकदा 17 किंवा 18. दहापट भिंगातून फरक लगेच कळतो.

व्हीव्हीएसचा मुद्दा मावशीला फार लागला. “अगं, कागदावर व्हीव्हीएस लिहिलंय ना, मग हे असं मिणमिणतं का?” असं तिनं मला दोनदा विचारलं. कारण व्हीव्हीएसचा चमकेशी थेट संबंध नाही. हिऱ्याच्या आत ठिपके, रेघा, पिसं किती आहेत, ते दहापट भिंगातून किती सहज दिसतात, याची ती प्रत आहे. तिच्या खाली व्हीएस आणि एसआय येतात. तीन मिलिमीटरच्या खड्यातला एसआय दर्जाचा दोष नुसत्या डोळ्यांना बहुधा दिसत नाही. अशा दोषासाठी जादा पैसे मोजणं म्हणजे कपाटाच्या मागच्या बाजूला पॉलिश करून घेणं. चमक येते ती कापणीतून, आणि तिच्याबद्दल त्या मेसेजमध्ये एक अक्षर नाही.

शिवाय तो कागद नेमका कशाचा? हिरे तपासून प्रत ठरवणाऱ्या जीआयएसारख्या संस्थेचा अहवाल साधारणतः सुट्या, बऱ्यापैकी मोठ्या खड्याचा असतो. ब्रेसलेटातल्या लहान हिऱ्यांना व्यापारात ‘मेले’ म्हणतात. मराठी कानाला शब्द सुतकी वाटतो, इलाज नाही. हे मेले पुडीनं निवडतात, पुडीनं विकतात, एकेकट्याचा अहवाल सहसा नसतो. जडवलेल्या दागिन्याच्या कागदावर ‘रंग जी ते एच, शुद्धता व्हीएस ते एसआय’ अशी पट्टी असते, कारण जडवलेला खडा सगळ्या बाजूंनी तपासता येत नाही. वजनही बऱ्याचदा मापावरून काढलेलं. म्हणून 52 च्या 52 खड्यांना सरसकट एकच उच्च प्रत छापलेली दिसली, तर विश्वास वाढण्याऐवजी भुवई वर जायला हवी.

रंगाचंही असंच. रंगाची पट्टी डी पासून झेड पर्यंत जाते, डी सगळ्यात पांढरा. एकट्या खड्यात जी आणि एच यांतला फरक जाणकारालाही पटकन सांगता येत नाही. पण ओळीत शेजारी शेजारी बसले की डोळा निर्दयी होतो. सगळे एच असलेली ओळ छान दिसते. जींच्या ओळीत मध्येच एक के घुसला, तर हसऱ्या चेहऱ्यात एकच पिवळा दात असावा तसा तो दिसतो. तपासायचं असं: ब्रेसलेट पांढऱ्या कागदावर पालथं ठेवा, खिडकीपाशी पण थेट ऊन टाळून, आणि बाजूनं ओळ बघा. दुकानातल्या टोकदार दिव्यांखाली काचही नाचते. सावलीत जो चमकतो तो हिरा चांगला कापलेला.

चौथ्या मुद्द्यापाशी जरा थांबते. ‘सोनं, कड्या, फासा यांत पैसे घालवू नका.’ मावशीचं ब्रेसलेट याच वाक्यानं मेलं.

हिशोब पुन्हा बघा. 5.2 कॅरेट म्हणजे एक ग्रॅमभर. सगळे हिरे मिळून एक ग्रॅम! मनगटावर जे वजन जाणवतं ते जवळजवळ सगळं धातूचं, आणि ते हिरे धरून ठेवणं हे त्या धातूचं एकमेव काम. त्यात पन्नासेक सांधे. प्रत्येक सांध्यात एका कडीची जीभ दुसरीच्या भोकात किंवा खिळ्यावर फिरते. हात हलला की घासते. वर्षानुवर्षांनी गोल भोक लंबगोल होतं. एका सांध्यात एक दशांश मिलिमीटर झीज धरली, तरी ब्रेसलेट पाच मिलिमीटरनं लांबतं. लांबलं की मनगटावर उलटं फिरतं, उलटं फिरलं की टेबलाच्या कडेवर आपटतं.

मावशीचं ब्रेसलेट मी एका टोकाला धरून आडवं केलं, खडे बाजूला वळतील असं. चांगली ओळ या दिशेनं फारशी वाकत नाही, हलकासा बाक येतो. हिनं भिजलेल्या दोरीसारखी मान टाकली. मग पालथं केलं. वजन वाचवायला कड्या मागून इतक्या कोरलेल्या होत्या की भिंती नखाएवढ्या पातळ. भिंगाखाली एका रिकाम्या खड्ड्याच्या चार नखांपैकी दोन नखं झिजून नुसत्या खुणा उरल्या होत्या. (खडा धरून ठेवणाऱ्या धातूच्या आकड्याला, म्हणजे प्राँगला, मी नखच म्हणते, दिसतंही तसंच.) नखं तपासायची सोपी रीत म्हणजे लोकरीचा धागा किंवा जुना नायलॉनचा मोजा ओळीवरून हलकेच ओढायचा. जिथं अडकला तिथलं नख उचललेलं आहे. सुरक्षिततेत कोंदण, म्हणजे खड्याभोवती धातूची पूर्ण कड, सगळ्यात वरचढ, पण त्यात खडा थोडा झाकला जातो. दोन भिंतींमधल्या चॅनलमध्ये खडे छान दडलेले राहतात, मात्र भिंत वाकली तर एकदम चार-पाच सुटतात.

फासा. पेटीत शिरणारी जी जीभ असते ती घडी घातलेल्या पातळ पत्र्याची, इंग्रजी ‘व्ही’सारखी. आत गेली की उघडते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. तो आवाज म्हणजे पकड. मावशीच्या फाशाची जीभ चापट झाली होती. आत जायची, पण मुकाट्यानं, आणि तशीच बाहेर यायची. सोनार ती पुन्हा उघडून देतो, पण वारंवार वाकवलेला पत्रा एक दिवस तुटतोच. म्हणून दोन्ही बाजूंना आठाच्या आकड्यासारखी सुरक्षा-कडी असलेला फासा घ्यावा. दुकानात स्वतःच्या हातानं दहा वेळा लावून काढून बघावा. विक्रेता कंटाळला तर कंटाळू दे.

धातूबद्दल थोडंच. सोन्याचं कॅरेट म्हणजे वजन नव्हे, शुद्धता. 22 कॅरेट सोनं बारीक नखांना मऊ पडतं. 14 कॅरेट म्हणजे 58.5 टक्के सोनं, 18 म्हणजे 75. रोजच्या वापराला 14 जास्त टणक. पांढऱ्या सोन्यावर रोडियम या चकचकीत पांढऱ्या धातूचा मुलामा असतो, तो कालांतरानं उतरतो आणि पुन्हा द्यावा लागतो. हे आधी सांगितलं नाही तर लोकांना फसवणूक वाटते.

वाफेची परीक्षा. हिरा उष्णता झटकन वाहून नेतो, म्हणून त्यावरची वाफ लगेच उडते, इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पण हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या मॉइसनाइट या दुसऱ्या खड्यावरूनही ती उडते. उष्णतेवर चालणारा टेस्टर पेनही मॉइसनाइटला हिरा म्हणतो. पाण्यात बुडतो का हे बघणं तर करमणूक आहे, काचही बुडते. आणि काचेवर ओरखडा काढून बघणाऱ्यांना सांगायला हवं की साध्या गारगोटीनंही काचेवर ओरखडा उठतो. भिंग जवळ असेल तर खड्यात किंचित तिरकं बघा. मॉइसनाइटमध्ये मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात, हिऱ्यात एकेरी.

लॅबच्या हिऱ्याला काच म्हणणं मात्र सरळ चूक. जनरल इलेक्ट्रिकनं 1955 मध्ये कृत्रिम हिरा जाहीर केला. आज तो प्रचंड दाब-तापमानानं किंवा वायूतून थर चढवून बनतो, आणि तो कार्बनच असतो, तितकाच कठीण. टेस्टर त्याला हिराच म्हणणार, कारण तो हिराच आहे. त्याचे भाव गेल्या काही वर्षांत खूप उतरले, पुन्हा विकायला गेलात तर हाती फारसं येत नाही, हे खरं. खोट आहे ती लपवाछपवीत. नैसर्गिक म्हणून विकलेल्या ओळीत लॅबचे चार मेले मिसळले तर डोळ्यांना कळत नाही, त्याला यंत्रच लागतं. म्हणून बिलावर ‘नैसर्गिक’ किंवा ‘लॅबनिर्मित’ हा शब्द लिहून घ्या, खड्यांची संख्या आणि एकूण वजन यांच्या शेजारी.

मावशीच्या ब्रेसलेटचं पुढं काय झालं? एका जुन्या कारागिरानं झिजलेली नखं डाग देऊन उभी केली, फासा बदलला, दोन नवे खडे बसवले. जुळणारा रंग शोधायला त्यानं तीन पुड्या उघडल्या, तरी नवे दोघे जरा जास्तच पांढरे निघाले. दिव्याखाली कळत नाही. संध्याकाळी खिडकीपाशी बसून तिनं हात पुढे केला की मला ते पटकन सापडतात, फाशापासून नववा आणि एकविसावा.