घेतलेलं तिकीट सोडून देऊ नका

‘तिकीट फुकटच असतं, ऐनवेळी कंटाळा आला तर नाही गेलात तरी चालतं’ हे, सभासदांना नाटकांची फुकट तिकिटं देणाऱ्या सेवांवरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. नाट्यगृह या सेवांमार्फत ही तिकिटं वाटतं ते रिकाम्या खुर्च्या भरण्यासाठी, विशेषतः नव्या नाटकाच्या सुरुवातीच्या प्रयोगांना. तिकीट घेऊनही आपण गेलो नाही, तर ती खुर्ची रिकामीच राहते आणि दुसऱ्या सभासदाचीही संधी जाते. म्हणूनच अनेक सेवा न कळवता गैरहजर राहणाऱ्याचं सभासदत्व रद्दही करतात. हे लेखात यायलाच हवं होतं.

मी दोन वर्षं सभासद आहे. दुपारी निरोप येतो, संध्याकाळी प्रयोग. जागा निवडता येत नाही, जोडीदार कधी दोन रांगा मागे बसतो. एकदा पावसात भिजत पोचले, तर पडदा उघडायला चारच मिनिटं होती. विनोदी नाटक होतं, नट नवखे. पहिला हशा आमच्या कोपऱ्यातून उठला आणि रंगमंचावरच्या मुलीचे आखडलेले खांदे सैल झालेले मला तिसऱ्या रांगेतून स्पष्ट दिसले. शेजारच्या बाईंनी पूर्ण पैसे मोजले होते, त्यामुळे आपलं तिकीट फुकटचं आहे हे तिथे बोलायचं नाही, हा नियमही मला योग्यच वाटतो.