मोजणी नव्हे, अंदाज

'२०२२ मध्ये देशात ३,६८२ वाघ मोजले' हे तुमच्या लेखातलं वाक्य खटकलं. तो सरासरी अंदाज आहे. किमान ३,१६७, कमाल ३,९२५. कृपया दोन्ही टोकं छापा.

पूर्वी पाऊलठसे काचेवर गिरवून वाघ मोजत. पण एकाच वाघाचा ठसा चिखलात वेगळा, धुळीत वेगळा उमटतो. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पातले वाघ संपल्याचं २००५ मध्ये उघड झालं, तोवर कागदावर ते होतेच! आता वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात, कारण वाघाच्या डाव्या-उजव्या कुशीवरचे पट्टेसुद्धा सारखे नसतात. तेच वाघ पुन्हा किती वेळा टिपले गेले, यावरून न दिसलेल्यांचा हिशेब मांडतात. सांबर-गव्यांना अशा ओळखखुणा नाहीत, म्हणून तिथे ठरलेल्या रेषेवर चालत, दिसलेल्या कळपाचं रेषेपासूनचं अंतर टिपत जावं लागतं.