बिशपची टोपी, मॉन्स्ट्रन्स आणि बाबिलोन: त्या फॉरवर्डला उत्तर

एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय, वसईतल्या आमच्या ग्रुपांवर आलाच पण गोव्यातल्या आणि पुण्यातल्या नातेवाइकांकडूनही तोच आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की कॅथलिक मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, वापरतात त्या सगळ्या वस्तू बाबिलोन आणि इजिप्तच्या देवळांतून आल्यात आणि सम्राट कॉन्स्टंटाईनने ३२५ साली त्या चर्चमध्ये घुसवल्या. बिशपची टोपी म्हणजे दागोन नावाच्या मासादेवाचं तोंड, मॉन्स्ट्रन्स (होस्ट दाखवायचं पात्र) म्हणजे सूर्यदेव, गोल होस्ट (मिस्सातली पातळ पवित्र भाकर) म्हणजे सूर्याची चकती, आयएचएस ही चर्चमध्ये कोरलेली अक्षरं म्हणजे तीन इजिप्शियन देवांची नावं, धूप मेणबत्त्या झगे सगळं पुजाऱ्यांचं, आणि शेवटी पुरावा म्हणून व्हॅटिकनच्या चौकातल्या खांबाचा फोटो.

मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण चांगली भाविक माणसं हे वाचून वेदीकडे संशयाने बघायला लागलीत. म्हणून एकेक मुद्दा घेतो. माझं सांगणं एवढंच आहे की कुठल्याही वस्तूबद्दल असा दावा आला की आधी विचारायचं, ही वस्तू या आकारात पहिल्यांदा कधी दिसली? या मेसेजने ते कुठेच विचारलेलं नाही.

आधी कॉन्स्टंटाईन. ३२५ साली त्याने बोलावलेल्या बिशपांच्या निकेयाच्या परिषदेचे २० नियम आजही वाचायला मिळतात, बिशपची नेमणूक कशी करायची, छळाच्या वेळी विश्वास सोडलेल्यांना परत कसं घ्यायचं, पाद्र्यांनी व्याजाने पैसे देऊ नयेत, रविवारी उभं राहून प्रार्थना करावी, असे विषय आहेत. टोपी, धूप, मेणबत्ती यांच्याबद्दल एक अक्षर नाही. कॉन्स्टंटाईनने रोमच्या लॅटरन बॅसिलिकेला सोन्याचांदीची भांडी आणि दिवे दिले हे खरंय, नाकारायचं कारण नाही, पण भांडी आणि दिवे त्याच्या आधीपासून होतेच. आणि त्याचा पुरावा चर्चच्या माणसांनी लिहिलेला नाही, चर्चवर धाड टाकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांनी लिहिलेला आहे. सम्राट डायोक्लेशियनच्या छळात १९ मे ३०३ रोजी उत्तर आफ्रिकेतल्या किर्ता गावात, म्हणजे आजच्या अल्जीरियातल्या कॉन्स्टंटीन शहरात, ख्रिस्ती लोक जमायचे त्या घराची झडती झाली आणि जप्तीची यादी केली गेली. त्यात सोन्याचे २ प्याले, चांदीचे ६ प्याले, चांदीचे ७ दिवे, पितळेचे ७ छोटे दीपस्तंभ, साखळीला टांगलेले ११ दिवे, आणि त्यासोबत बायकांचे ८२ अंगरखे, पुरुषांचे १६, आणि चपलाबुटांचे कितीतरी जोड, हे कपडे बहुधा गोरगरिबांना वाटायला ठेवलेले असणार. निकेयाच्या २२ वर्षं आधीची ही गोष्ट. मला तर ही यादी वाचताना भरून येतं, ज्या काळात पकडले गेलो तर जीव जाईल अशी स्थिती होती तेव्हाही या लोकांनी प्याले आणि दिवे जपून ठेवले होते. सीरियातल्या ड्युरा-युरोपोसला तर २५६ च्या आधीचं एक घरातलं चर्च सापडलंय, त्यात बाप्तिस्म्याचं कुंड आहे, वर छत आहे, भिंतींवर चित्रं आहेत.

आता बिशपची टोपी, म्हणजे मायटर. मेसेजमध्ये दोन फोटो शेजारी लावलेत, एकीकडे प्राचीन अ‍ॅसिरियाच्या शिल्पातला माशाचं कातडं पांघरलेला माणूस आणि दुसरीकडे उंच मायटर घातलेले पोप, बाजूने बघितलं की माशाचं उघडं तोंड वाटतं. पण शिल्पातला तो माणूस दागोन नाहीच. ते आपकल्लू, म्हणजे मेसोपोटेमियाच्या कथांमधले प्राचीन ज्ञानी पुरुष, आणि इराकमधल्या निमरूदला मिळालेलं त्यांचं ते शिल्प इसवी सनापूर्वी नवव्या शतकातलं. दागोन हा वेगळाच देव, मारी आणि उगारित या सीरियातल्या प्राचीन शहरांच्या लेखांमध्ये तो आहे पण तिथे त्याचा माशाशी काही संबंध नाही, मासा त्याला फार नंतरच्या भाष्यकारांनी चिकटवला.

बरं, समजा तो दागोनच होता. तरी मायटर कधी आलं? पहिल्या हजार वर्षांत बिशप मायटर घालत होते असा पुरावा नाही. अकराव्या शतकात ते रोममध्ये दिसायला लागलं, १०४९ मध्ये पोप लिओ नववे यांनी ट्रिअरच्या आर्चबिशपला ते घालायची परवानगी दिली असा लेखी उल्लेख आहे. तेव्हा ती साधी निमुळती टोपी होती. मग बाराव्या शतकात तिला दोन शिंगं आली, आणि ती शिंगं कुठे होती माहितीय का, दोन बाजूंना, कानांच्या वर! म्हणजे समोरून बघितलं तर मधे खळगा. शतक संपता संपता टोपी पाव फेरा फिरवून घालायला लागले आणि टोकं पुढे-मागे आली. तेव्हासुद्धा ती बुटकी होती, आज आपण बघतो ती उंची पुढच्या काही शतकांत वाढत गेली. म्हणजे ज्या आकाराला मेसेजवाले माशाचं तोंड म्हणतात तो आकार युरोपच्या शिंप्यांनी टप्प्याटप्प्याने घडवला, आणि निमरूदच्या शिल्पानंतर दोन हजार वर्षांनी. ते शिल्प तर एकोणिसाव्या शतकातल्या उत्खननापर्यंत मातीखाली होतं, मध्ययुगातल्या कुठल्या बिशपने ते बघितलं असणार?

मॉन्स्ट्रन्सचा मुद्दा सगळ्यात जास्त शेअर होतोय, आणि इतिहास पण याचाच सगळ्यात सुंदर आहे. आराधनेच्या वेळी ज्यात होस्ट ठेवून सगळ्यांना दाखवतात ते हे पात्र. बेल्जियममधल्या लिएजला जुलियाना नावाची एक सिस्टर होती, तिने कित्येक वर्षं धरून ठेवलं की ख्रिस्तशरीराचा वेगळा सण व्हायला हवा, १२४६ मध्ये तिथल्या बिशपने तो मान्य केला आणि १२६४ मध्ये पोप अर्बन चौथे यांनी सगळ्या चर्चसाठी जाहीर केला. चौदाव्या शतकात या सणाच्या मिरवणुका वाढल्या, आणि मिरवणूक म्हटलं की होस्ट लांबून दिसायला हवा आणि सुरक्षितही राहायला हवा, म्हणून सोनारांनी संतांचे अवशेष ठेवायची जी काचेची पात्रं आधीपासून बनत होती त्यावरूनच हे नवीन पात्र बनवलं. सुरुवातीची मॉन्स्ट्रन्स सूर्यासारखी नव्हतीच! मधे काचेची नळी आणि भोवती गॉथिक चर्चचे मनोरे, कमानी, बारीक मूर्ती. स्पेनमधल्या तोलेदोचं मॉन्स्ट्रन्स बघा, एन्रिके दे आर्फे या कारागिराने १५१७ ते १५२४ या काळात घडवलेलं, माणसापेक्षा उंच, अख्खा मनोराच, आणि आजही दर वर्षी त्याच सणाला रस्त्यावरून जातं. सूर्यदेवासाठी पात्र बनवायचं असतं तर पहिली दोनशे-अडीचशे वर्षं मनोरे कशाला घडवले असते?

किरणांचा आकार सगळीकडे पसरला तो बारोक काळात, सोळाव्या शतकाच्या शेवटापासून पुढे, जेव्हा युरोपातली अख्खी चर्च सोन्याच्या किरणांनी भरून जात होती. आणि ते कशावरून घेतलं हे लपवलेलं नाही, बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकात चौथ्या अध्यायात देवाच्या नावाचं भय धरणाऱ्यांवर न्यायाचा सूर्य उगवेल असं म्हटलंय, ख्रिस्ती लोक ते पहिल्या शतकांपासून येशूला लावत आलेत. शिवाय सगळीच मॉन्स्ट्रन्स किरणांची नाहीत. जुन्या गोव्यात सांता मोनिकाला जे ख्रिश्चन आर्टचं म्युझियम आहे तिथे पेलिकन पक्ष्याच्या रूपातलं मॉन्स्ट्रन्स ठेवलंय, स्वतःच्या छातीतलं रक्त पिल्लांना पाजणारा पेलिकन म्हणजे येशूचं जुनं प्रतीक. जमलं तर मुलांना घेऊन जाऊन बघाच.

आतल्या चंद्रकोरीसारख्या क्लिपबद्दल पण मेसेजमध्ये बरंच काही लिहिलंय. ती क्लिप पातळसा होस्ट उभा राहावा म्हणून असते, कित्येक मॉन्स्ट्रन्समध्ये तिच्याऐवजी दोन गोल काचाच असतात. आणि होस्ट गोल का, तर रोमन लोकांची भाकर गोलच असायची, ७९ साली ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत अशा गोल भाकरी जळलेल्या अवस्थेत सापडल्यात. आपलीही भाकरी थापली की गोलच होते, त्यात सूर्यपूजा कुठून आली.

आयएचएसचं उत्तर लहान आहे. ग्रीकमध्ये येशूचं नाव लिहिताना पहिली तीन अक्षरं आयोटा, एटा, सिग्मा, आणि मोठ्या लिपीतला एटा दिसायला एच सारखा असतो. नव्या कराराच्या अगदी जुन्या पपायरसांवरही येशूचं नाव असं दोन-तीन अक्षरांत आखडून वर रेघ मारून लिहिलेलं सापडतं. इसिस, होरस, सेब हे फार नंतर कोणीतरी इंग्रजी अक्षरांवरून जुळवलं. पंधराव्या शतकात सिएनाचे संत बर्नार्डिनो ही अक्षरं किरणांच्या मधोमध लिहिलेली पाटी घेऊन इटलीभर प्रवचनं द्यायचे, आणि त्यांच्यावरही मूर्तिपूजेचा आरोप झाला, प्रकरण थेट पोप मार्टिन पाचवे यांच्यासमोर गेलं, चौकशी झाली आणि ते निर्दोष सुटले. पुढे जेझुइट संघाच्या धर्मगुरूंनी तेच चिन्ह घेतलं म्हणून जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस चर्चच्या दर्शनी भिंतीवर ते कोरलेलं दिसतं.

धुपाबद्दल मात्र मेसेज पूर्ण उलटं सांगतो आणि इथे मला थोडं थांबायचंय. पहिली तीन शतकं ख्रिस्ती लोक धुपापासून लांबच राहिले, कारण धूप हीच त्यांच्या परीक्षेची वस्तू होती. सुमारे ११२ मध्ये बिथिनियाचा (आजच्या तुर्कस्तानातल्या प्रांताचा) गव्हर्नर प्लिनी सम्राट ट्राजनला पत्रात कळवतो की ख्रिस्ती असल्याचा आरोप असलेल्यांपैकी जे नाही म्हणतात त्यांच्याकडून मी तुमच्या पुतळ्यापुढे धूप आणि द्राक्षारस अर्पण करून घेतो, आणि जे ख्रिस्ती असल्याचं कबूल करत राहतात त्यांना मृत्युदंडाला पाठवतो. २५० मध्ये सम्राट डेसियसच्या छळातही तेच, जीव वाचवायला धूप टाकणाऱ्यांना चर्चमध्ये एक वेगळं नावच पडलं होतं, आणि त्यांना परत यायला लांब प्रायश्चित्त करावं लागलं. म्हणजे चिमूटभर धूप टाकायचं नाकारून माणसं मेली, आणि आज त्यांच्याच चर्चला सांगतात की तुम्ही धूप मूर्तिपूजकांकडून आवडीने उचललात. मूर्तिपूजेचं ते दडपण गेल्यावर, चौथ्या शतकात, धूप उपासनेत आला. एजेरिया नावाची एक यात्रेकरू बाई ३८० च्या दशकात जेरुसलेमला गेली होती, तिने लिहून ठेवलंय की रविवारी पहाटे येशूच्या कबरीच्या गुहेत धूपदानं आणतात आणि सगळं चर्च सुगंधाने भरून जातं. आणि मुळात बायबलमध्येच निर्गमच्या ३० व्या अध्यायात धूपवेदी आहे, स्तोत्र १४१ आहे, प्रकटीकरणाच्या ८ व्या अध्यायात देवदूताच्या हातात सोन्याचं धूपदान आहे.

मेणबत्त्यांवर हाच आरोप विजिलांशियस नावाच्या पाद्र्याने केला होता आणि संत जेरोमने ४०६ मध्ये त्याला उत्तर दिलं की पूर्वेकडच्या चर्चमध्ये शुभवर्तमान वाचताना लख्ख उन्हातही दिवे लावतात, अंधार घालवायला नव्हे तर आनंद दाखवायला. देवळांत दिवे होते हे खरंच, जेरुसलेमच्या मंदिरातही सात फाट्यांचा दीपवृक्ष होता.

झग्यांबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. फादर सगळ्यात वरून घालतात तो चॅझ्युबल रोमनच आहे, पण तो पुजाऱ्यांचा नव्हता, रस्त्यावरचा कोणीही थंडीपावसात घालायचा तो सैल झगा होता. ४२८ मध्ये पोप सेलेस्टिन यांनी गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या, काही बिशपांना झापलं की वेगळे कपडे घालून मिरवू नका, आपलं वेगळेपण शिकवणुकीत आणि वागण्यात दिसू दे. पुढे लोकांची फॅशन बदलली, पाद्र्यांनी जुनाच पेहराव ठेवला, आणि तसाच तो वेदीचा पोशाख झाला.

व्हॅटिकनच्या चौकातला तो खांब, म्हणजे ओबेलिस्क, इजिप्तचाच आहे, ते कोणी लपवत नाही. सम्राट कॅलिगुलाने तो रोमला आणून आपल्या सर्कशीत, म्हणजे रथांच्या शर्यतींच्या मैदानात, उभा केला, १५८६ मध्ये पोप सिक्स्टस पाचवे यांच्या काळात दोमेनिको फोंताना या इंजिनिअरने शेकडो माणसं आणि घोडे लावून तो आजच्या जागी हलवला आणि वर क्रूस बसवला. त्याच सर्कशीजवळ संत पेत्राला मारलं असं परंपरा सांगते, म्हणून तो खांब तिथे हवा होता. मिस्सामध्ये त्याचं काही काम नाही.

आणि हे सगळं आलं कुठून, तर अलेक्झांडर हिस्लॉप नावाच्या स्कॉटिश पाळकाने १८५३ मध्ये काढलेल्या पुस्तिकेतून, जी त्याने १८५८ मध्ये वाढवून जाडजूड केली. १९६६ मध्ये राल्फ वुड्रो या अमेरिकन प्रचारकाने त्यावरून स्वतःचं पुस्तक लिहिलं, ते खूप खपलं. वुड्रो कॅथलिक नव्हते. पुढे त्यांनी हिस्लॉपचे संदर्भ स्वतः एकेक काढून तपासले, ते दाव्यांना आधार देत नाहीत असं दिसलं, तेव्हा त्यांनी आपलं चालू असलेलं पुस्तक बंद केलं आणि १९९७ मध्ये हिस्लॉपला उत्तर देणारं नवीन पुस्तक लिहिलं. तो मेसेज ज्यांनी मला पाठवला त्या सगळ्यांना मी वुड्रो यांची ही गोष्ट आणि किर्ताची यादी पाठवतोय, तुम्हीही तुमच्या ग्रुपवर पाठवा.